मिनिएचर घोडा आणि त्याची गाडी : साज, माप आणि तोल

मिनिएचर घोड्यावर मोठ्या माणसाला बसता येत नाही, पण त्याच माणसाला गाडीत बसवून हा घोडा सहज ओढून नेतो. ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर उंचीच्या घोड्याचे वजन साधारण ९० ते ११० किलो असते. पाठीवर घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भार नसावा, असे सामान्यतः मानले जाते. या हिशेबाने त्याच्या पाठीवर वीस किलोचे लहान मूलच बसू शकते. चाकांवर ठेवलेला भार मात्र पाठीवर फारसा येत नाही, घोड्याला तो फक्त पुढे न्यायचा असतो. त्यामुळे अमेरिका आणि युरोपात या घोड्यांचे मुख्य काम गाडी ओढणे हेच ठरले. तिथे त्यांच्या मापाच्या गाड्या आणि साज बनवण्याचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला आहे. स्पर्धांतही त्यांचा वेगळा वर्ग असतो.

या घोड्यांच्या वंशात गाडी ओढण्याचा वारसा आहेच. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरची बुटकी तट्टे हा त्यांचा एक मोठा आधार. ब्रिटनमध्ये १८४२च्या कायद्याने स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलांना खाणीत उतरवायला बंदी झाली. त्यानंतर बुटक्या छताच्या बोगद्यांतून कोळशाच्या गाड्या ओढण्यासाठी या तट्टांची मागणी वाढली. लंडनडेरीच्या मार्क्वेसने शेटलंडमधल्या ब्रेसे आणि नॉस या बेटांवर खाणीसाठीच त्यांची पैदास चालवली होती. पुढे अमेरिकेत शेटलंड तट्टे आणि अर्जेंटिनातले फलाबेला घोडे यांच्यापासून आजचा मिनिएचर घोडा घडत गेला. १९७८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनने उंचीची मर्यादा ३४ इंच ठेवली आहे. अमेरिकन शेटलंड पोनी क्लबच्या नोंदवहीत ३४ इंचांपर्यंत एक आणि ३८ इंचांपर्यंत दुसरा असे दोन वर्ग आहेत. ही उंची आयाळीच्या शेवटच्या केसांपाशी मोजतात, इतर घोड्यांसारखी खांद्यावरच्या उंचवट्यापाशी नव्हे. म्हणून नोंदवहीतल्या आकड्यावर साज मागवता येत नाही, उंचवट्यापाशीही माप घ्यावे लागते.

मोठ्या घोड्याच्या सगळ्या गोष्टी त्याच प्रमाणात लहान केल्या की मिनिएचर घोड्याची गाडी तयार होते, असा समज आहे. बाजारातला बराच माल याच समजावर बनलेला असतो आणि घोड्यांना होणारा बराचसा त्रास तिथूनच सुरू होतो. उंची आणि वजन एकाच प्रमाणात बदलत नाहीत. २८ इंची आणि ३८ इंची घोड्यांच्या उंचीत एक तृतीयांशाच्या थोडा वर फरक आहे, पण त्यांची ठेवण सारखी धरली तर वजनात जवळपास अडीचपट फरक पडतो. तरीही दोघांसाठी ‘मिनी’ अशी एकच चिठ्ठी लावलेला साज विकला जातो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. घोडा लहान झाला तरी गाडीत बसणारा माणूस तेवढाच राहतो. पाचशे किलोच्या घोड्यामागे पंचाहत्तर किलोचा माणूस बसला तर त्याचे दोन-पाच सेंटिमीटर पुढेमागे होणे घोड्याला जाणवतही नाही. शंभर किलोच्या घोड्याला मात्र ते लगेच कळते.

लहान जनावराच्या बाजूने निसर्गाने एक सवलत ठेवली आहे. स्नायूंचे बळ त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळानुसार वाढते आणि वजन घनफळानुसार, त्यामुळे आकार कमी होत जातो तसे वजनाच्या मानाने बळ जास्त पडते. गॅलिलिओने १६३८च्या ग्रंथात हाच मुद्दा मांडला होता. लहान कुत्रा आपल्याएवढे दोन-तीन कुत्रे पाठीवर घेऊ शकेल, पण घोड्याला आपल्याएवढा एक घोडाही पेलणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. शेटलंड तट्टाची ख्याती आकाराच्या मानाने फार बळकट जनावर अशी आहे, त्यामागचे एक कारण हे असावे. मात्र या सवलतीच्या भरवशावर बेहिशेबी भार टाकता येत नाही.

भाराचा हिशेब असा. घोडा दीर्घकाळ सलग ओढू शकतो ते बळ त्याच्या वजनाच्या साधारण एक दशांश धरतात. म्हणजे शंभर किलोच्या घोड्यासाठी सुमारे दहा किलोची ओढ. गाडी चाळीस किलोची आणि माणूस पंचाहत्तर किलोचा धरला तर एकूण भार ११५ किलो होतो. सपाट, टणक रस्त्यावर चांगल्या चाकांची गाडी ओढायला भाराच्या सुमारे दोन टक्के बळ लागते. इथे ते अडीच किलोहून कमी, घोड्याला काहीच नाही. वीस फुटांत एक फूट असा चढ आला की त्यात आणखी पावणेसहा किलोंची भर पडते आणि ओढ आठ किलोवर जाते. मऊ गवतावर लागणारे बळ भाराच्या सात-आठ टक्क्यांवर पोचते, म्हणजे सपाटीवरच घोडा आपल्या मर्यादेशी येतो. भुसभुशीत वाळूत वीस टक्क्यांच्या आसपास बळ लागते आणि ओढ तेवीस किलोंची होते. तेवढी ओढ घोडा काही क्षण देईल, पण त्यावर फेरफटका मारता येणार नाही. ‘घोडा स्वतःच्या वजनाइतके ओढतो’ किंवा ‘दुप्पट ओढतो’ असे ठोकताळे म्हणूनच अपुरे आहेत. तोच घोडा, तीच गाडी आणि तोच माणूस असताना निव्वळ जमीन बदलल्याने काम दहापट होऊ शकते. भार ठरवताना वाटेतली सर्वांत वाईट जमीन धरली पाहिजे.

साज घेण्याआधी घोडा तयार आहे का, हे पाहायचे असते. अमेरिकेतल्या प्रदर्शनांत तीन वर्षांखालच्या घोड्याला गाडीला जुंपत नाहीत. हाडे त्यानंतरही पक्की होत असतात आणि पाठीच्या कण्याची वाढ तर पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालते, म्हणून तिसऱ्या वर्षी हलकी गाडी आणि थोडे अंतर एवढेच योग्य. जुंपण्यापूर्वी काही महिने लांब लगाम धरून मागून चालत त्याला हाकायला शिकवतात. दातांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. या घोड्यांचा जबडा लहान झाला, पण दात त्या मानाने लहान झाले नाहीत. त्यामुळे दातांची दाटी आणि वेळेवर न पडलेले दुधाचे दात ही नेहमीची अडचण असते. अशा तोंडात कडियाळ, म्हणजे लगाम अडकवायची सळई, घातले की घोडा मान झटकतो, तोंड उघडतो, आणि लोक त्याला हट्टी ठरवून मोकळे होतात. हे घोडे लवकर लठ्ठही होतात. लठ्ठ, गोल अंगावर खोगीर जागेवर राहत नाही, म्हणून आहार आणि व्यायाम यांचा साजाशी थेट संबंध आहे.

मापे घोड्याला सपाट जमिनीवर चौरस उभे करून घेतात. उंचवट्यापाशी उंची, खोगीर कसणाऱ्या तंगाच्या जागी छातीचा घेर, उंचवट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतचे अंतर, एका बाजूच्या तंगापासून छातीवरून दुसऱ्या बाजूच्या तंगापर्यंतचे अंतर, तोंडाच्या एका कोपऱ्यापासून कानांमागून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंतची लांबी आणि तोंडाची रुंदी, एवढी मापे असल्याखेरीज साज मागवू नये. वजन शक्यतो काट्यावरच करावे. मोठ्या घोड्यांसाठी बनवलेल्या वजनाच्या फिती या आकाराला नीट लागू पडत नाहीत.

मोहरकी डोक्यावर बसवताना तयार मालातला पहिला दोष उघड होतो. या घोड्यांचे कपाळ रुंद आणि तोंड आखूड असते. मोठ्या घोड्याची मोहरकी प्रमाणात लहान केली की कपाळपट्टी आखूड पडते आणि कानांच्या मुळाशी रुतते. झापडांचा मध्य डोळ्याच्या मध्याशी यायला हवा. डोळा आणि झापड यांच्यात मोकळी जागा हवी, पापण्या घासता कामा नयेत. झापड सैल असून बाहेर फाकली तर घोड्याला मागची चाके अचानक दिसतात, आणि बिथरण्याचे ते एक जुने कारण आहे. झापडांशिवाय हाकायला शिकवलेले घोडे असतात, पण झापडांची सवय झालेल्या घोड्याची झापडे एकाएकी काढणे धोक्याचे.

कडियाळाची रुंदी बहुधा साडेतीन इंचांच्या आसपास लागते. ते तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांबाहेर अर्धा-पाऊण सेंटिमीटर दिसले की माप बरोबर. जाड कडियाळ सौम्य असते हा मोठ्या घोड्यांबाबतचा नियम इथे उलटतो. लहान तोंडात जीभच बरीच जागा व्यापते आणि टाळू उथळ असतो, म्हणून जाड सळई मावतच नाही. मध्यम जाडीची, जिभेला जागा देणारी वळणदार सळई अधिक सोयीची ठरते.

मान वर धरून ठेवणारी वादी प्रदर्शनांत अजून दिसते. डोके खाली घालून गवत खायला लागलेल्या घोड्याचा लगाम गाडीच्या दांड्यात अडकू नये, एवढाच तिचा उपयोग आहे, आणि त्यासाठी ती सैल ठेवली तरी चालते. चढावर भार ओढताना घोडा मान खाली घालून पुढे झुकतो. त्याला तसे करू न देणे म्हणजे त्याचे निम्मे बळ काढून घेणे. अॅना स्यूएलच्या १८७७च्या ‘ब्लॅक ब्यूटी’ या कादंबरीने इंग्लंडमध्ये या वादीविरुद्ध लोकमत जागे केले होते. केवळ डौलासाठी ती आवळण्याचे समर्थन आजही होऊ शकत नाही.

ओढ घेणारा भाग छातीवर असतो आणि साजात सर्वांत जास्त विचार तिथेच लागतो. छातीपट्टा दोन धोक्यांच्या मधून जायला हवा. वर श्वासनलिका आणि खाली खांद्याचा पुढचा सांधा. पट्टा वर सरकला तर घोडा गुदमरतो, खाली गेला तर पुढचे पाय उचलताना प्रत्येक पावलाला अडवला जातो. मोठ्या घोड्यात या दोहोंमध्ये पुरेशी जागा असते. मिनिएचर घोड्यात ती फार थोडी असते, शिवाय मान बहुधा आखूड आणि जाड. म्हणून सरळ, रुंद पट्ट्यापेक्षा मध्यभागी खाली झुकलेला, गादीदार पट्टा या घोड्यांना चांगला बसतो. मानेवरून जाणारी वादी पट्ट्याला त्याच्या जागी धरून ठेवण्यापुरतीच असते. तिने पट्टा वर उचलला गेला तर ओढीची रेघ मोडते.

घोड्याचा गळा आणि साज यांचे नाते हा इतिहासकारांच्याही वादाचा विषय राहिला आहे. फ्रेंच घोडदळातले अधिकारी लफेव्र द नोएत यांनी १९३१च्या ग्रंथात मांडले, की ग्रीक-रोमन काळातला साज घोड्याचा गळा दाबत असे, म्हणून प्राचीन युरोपात जड भार ओढता आला नाही. जाँ स्प्रुइत यांनी जुन्या साजांच्या प्रतिकृती करून खऱ्या घोड्यांवर प्रयोग केले आणि १९७७ साली दाखवून दिले, की पट्टे योग्य जागी असले तर प्राचीन साजही गळा दाबत नाही. हा वाद इथे आठवायचे कारण व्यवहाराचे आहे. पट्टा कोणत्या प्रकारचा आहे याइतकेच तो कुठे बसतो यावर सगळे अवलंबून असते.

जड भार किंवा चढाची वाट नेहमीची असेल तर छातीपट्ट्याऐवजी मानेभोवती बसणारी गादीदार कॉलर अधिक चांगली. ती ओढ दोन्ही खांद्यांवर पसरवते आणि श्वासनलिका मोकळी ठेवते. पण तिचे माप चपखल लागते, तळाशी दोन-तीन बोटे जातील एवढीच मोकळीक चालते. ऋतूगणिक वजन बदलणाऱ्या घोड्याला वसंतात बसलेली कॉलर शरदात बसेलच असे नाही. हलक्या दुचाकी गाडीसाठी नीट बसलेला छातीपट्टा पुरतो, आणि चुकीच्या मापाच्या कॉलरपेक्षा तो केव्हाही बरा.

छातीपट्टा असेल तर त्यापासून मागे गाडीपर्यंत जाणारे ओढपट्टे गाडीला घट्ट खिळीत अडकवू नयेत. मधोमध खिळलेली, दोन्हीकडे झुलणारी आडवी दांडी त्यासाठी लावतात. चालताना घोड्याचे खांदे आळीपाळीने पुढे येतात. दांडी झुलती असली की पट्टा खांद्यांबरोबर हलतो, नसली तर पट्टा जागेवर राहतो आणि खांदा त्यावर घासतो. पुष्कळ स्वस्त गाड्यांना ही दांडी नसते. बाकी काही बदलता आले नाही तरी ही एवढी दुरुस्ती करून घ्यावी. दांडीची उंचीही पाहावी लागते. ३४ इंची घोड्याच्या छातीपट्ट्याची जागा जमिनीपासून साधारण पन्नास ते पंचावन्न सेंटिमीटरवर येते. ओढपट्टे तिथून मागे जाताना किंचित खाली उतरले पाहिजेत. गाडीची दांडी छातीपट्ट्याहून उंच असली तर ओढ लागताच पट्टा गळ्याकडे चढतो. मोठ्या तट्टाची गाडी लहान घोड्याला जोडली की नेमके हेच होते.

खोगीर इथे माणसाला बसण्यासाठी नसते, दांड्यांचा भार पेलण्यासाठी असते. दुचाकी गाडीला आतून ताठ सांगाडा असलेले खोगीर हवे. त्याच्या दोन गाद्या कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकतात आणि मधला कणा मोकळा राहतो. सांगाडा नसलेली मऊ नायलॉनची पट्टी सगळा भार थेट कण्यावर देते, आणि नवख्यांना विकल्या जाणाऱ्या स्वस्त साजांत नेमकी तीच असते. खोगीर उंचवट्याच्या मागे बसवतात आणि तंग कोपराच्या थोडा मागे, कातडी चिमटीत येणार नाही असा कसतात. दांडे ज्या चामडी कड्यांत अडकतात त्यांचा पट्टा खोगिरातून आरपार सरकता असेल तर उत्तम. रस्ता एका बाजूला कललेला असतो तेव्हा दांडे कलतात, पण खोगीर पाठीवर सरळ राहते. तंगाखेरीज दांड्यांसाठी दुसरा एक पट्टा पोटाखालून जातो. तो दांडे वर उचलले जाऊ नयेत म्हणून असतो आणि तंगापेक्षा सैल ठेवायचा असतो.

उंचवटा जवळजवळ नसलेल्या गोल पाठीवर खोगीर पुढे सरकू पाहते. त्याला दुमची धरून ठेवते. शेपटीखालून जाणारा तिचा भाग जाड, गुळगुळीत आणि मऊ असावा. जुने कारागीर त्यात जवस भरत, त्यातल्या तेलाने चामडे मऊ राहते. पाठीवरच्या वादीखाली हात सपाट सरकला की ताण योग्य. बसवताना शेपटीचा एकही केस आत अडकू द्यायचा नाही. त्या एका केसाने लाथा झाडणारे शांत घोडे आहेत.

गाडी थांबवण्याचे काम पुठ्ठ्यांमागून जाणाऱ्या पट्ट्याचे असते. उतारावर गाडी पुढे ढकलली जाते तेव्हा घोडा या पट्ट्यावर मागे रेलून तिला अडवतो. पट्टा आडवा आणि पुठ्ठ्याच्या मध्याशी हवा. वर असला तर शेपटीखाली चढतो, फार खाली असला तर मागचे पाय पुढे लोटतो. ओढपट्टे ताणलेले असताना त्यात थोडी ढिलाई असावी, मिनिएचर घोड्यात दोन-तीन बोटांची. सपाट रिंगणातल्या प्रदर्शनात हा पट्टा पुष्कळदा वगळतात आणि गाडीचा भार खोगीर व दुमचीवर थोपवतात. रस्त्यावर तसे करू नये. या घोड्यांच्या गाड्यांना बऱ्याचदा ब्रेक नसतो आणि भार घोड्याहून जड असतो, त्यामुळे थोड्याशा उतारावरही या पट्ट्याला पर्याय उरत नाही.

साज कशाचा असावा, यावर फार लिहिण्यासारखे नाही. चांगले चामडे घोड्याच्या अंगावर सर्वांत छान बसते पण देखभाल मागते. प्लॅस्टिकचा लेप दिलेली पॉलिएस्टरची पट्टी धुता येते आणि टिकते. उघडे नायलॉन कडांनी कापते, त्याला अस्तर लावावेच लागते. लहान घोड्यासाठी पट्ट्यांची रुंदी कमी करावी, पण छातीपट्टा आणि पुठ्ठ्यांमागचा पट्टा यांची नाही. दाब पसरायचा तर तिथे रुंदी हवीच.

साज अंगावर बसल्यावर गाडीचे माप. दांड्यांची टोके खांद्याच्या पुढच्या सांध्याशी यावीत. त्यापुढे गेली तर वळताना मानेला टोचतात, लगाम त्यांत अडकतो. मागे घोड्याचे पुठ्ठे आणि गाडी यांच्यात, ओढपट्टे ताणलेले असताना, निदान ३० सेंटिमीटर अंतर हवे. भरधाव दुडक्या चालीत मागचा पाय लांबवर जातो आणि त्याचा खूर गाडीला लागला की घोडा उधळू शकतो. दांड्यांमधली रुंदी पोटाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन बोटे सुटतील इतकी असावी. रुंद दांडे कड्यांना बाहेर ओढतात आणि खोगीर पाठीत रुतवतात.

मोठे चाक खड्डे आणि मऊ जमीन सहज ओलांडते, म्हणून मोठी चाके बरी असे कोणालाही वाटेल. पण चाकाबरोबर आस वर जातो, आसाबरोबर बैठक आणि ओढीची दांडी. ३४ इंची घोड्याला साधारण २० ते २४ इंची चाके चांगली जुळतात. हवेचे टायर खडबडीत रस्त्यावर ओढ हलकी करतात, त्यांतली हवा कमी झाली की मात्र काम लगेच जड होते. रिंगणात लाकडी आऱ्यांची चाके शोभून दिसतात. स्पर्धेतल्या दौडीच्या टप्प्यात उंचसखल जमिनीवर तीव्र वळणे घ्यावी लागतात, तिथे बुटकी, रुंद, ब्रेक असलेली चारचाकी वापरतात. चारचाकीत दांड्यांचा भार घोड्यावर येत नाही, त्यामुळे हलके खोगीर चालते. ती स्वतः जड असते, म्हणून एकट्या लहान घोड्यापेक्षा जोडीला अधिक शोभते.

दुचाकी गाडीचा खरा प्रश्न तोलाचा. महाराष्ट्रात टांगे पाहिलेल्यांना तो समजावून सांगायला नको. टांग्यात पाठीला पाठ लावून माणसे पुढेमागे का बसवतात आणि एक उतारू उतरला की टांगेवाला उरलेल्यांना का सरकवतो, याचे उत्तर तोलातच आहे. भार मागे गेला की गाडी उलाळ होते, दांडे वर उठून पोटाखालचा पट्टा आवळतात. भार पुढे आला की दांडे पाठीवर दाबतात. मिनिएचर घोड्याच्या गाडीत बहुधा एकच माणूस असतो, त्यामुळे तोल साधायला दुसरा उतारू नसतो.

तोल घोडा जुंपण्याआधी पाहतात. हाकणारा आपल्या नेहमीच्या जागी बसतो, दुसरा माणूस दांडे घोड्याच्या कड्यांच्या उंचीवर धरतो. त्या स्थितीत दांडे सपाट किंवा टोकांशी किंचित वर असावेत, आणि ते एक-दोन बोटांवर पेलता यावेत. स्प्रिंगच्या काट्यावर मोजले तर एक-दोन किलो भरावे. शून्य नको, कारण मग दांडे कड्यांत उडत राहतात. कड्यांपासून आसापर्यंत सुमारे १४० सेंटिमीटर अंतर धरले आणि पंचाहत्तर किलोचा माणूस पाच सेंटिमीटर पुढे सरकला, तर घोड्याच्या पाठीवरचा भार अडीच किलोंहून अधिक वाढतो. म्हणजे नुसते वाकून बसल्याने सगळा जुळवलेला तोल बिघडतो.

उतार-चढावर तोल आपोआपच बदलतो. बैठक आसाच्या वर असल्याने उताराला भाराचा मध्य पुढे आणि चढाला मागे जातो. हा मध्य आसापेक्षा अर्धा मीटर उंच असेल तर दहात एक असा उतार त्याला पाच सेंटिमीटर सरकवतो. बैठक जितकी खाली, तितका हा फरक कमी. लहान घोड्यासाठी बुटकी गाडी हवी यामागे दिसण्यापेक्षा हे कारण मोठे आहे. तोल चुकला असेल तर बैठक पुढेमागे सरकवतात, ते जमत नसेल तर आस सरकवतात. दांडे वर किंवा खाली बसत असतील तर आसावर ठोकळे घालून किंवा चाके बदलून उंची जुळवतात. गाडीवर वजने बांधून तोल साधण्याचा उपायही केला जातो, पण त्याने घोड्यावरचा एकूण बोजा वाढतो. तो शेवटचा पर्याय मानावा.

जुंपण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी सगळा साज, मोहरकी आणि लगाम, मग गाडी. गाडी घोड्याकडे आणतात, घोड्याला दांड्यांमध्ये मागे ढकलत नाहीत. दांडे कड्यांत गेले की आधी ओढपट्टे, मग पुठ्ठ्यांमागचा पट्टा, शेवटी पोटाखालचा पट्टा. सोडताना याच्या उलट. घोडा गाडीला जोडलेला असताना मोहरकी कधीही काढायची नाही. साध्या कामात घाई म्हणून हा नियम मोडला जातो आणि मोठे अपघात होतात, कारण त्या क्षणी घोड्यावर कोणताही ताबा उरत नाही आणि मागे गाडी एकदम दिसू लागते. हाकणारा लगाम हातात घेऊनच गाडीत चढतो आणि डोक्याला हेल्मेट घालतो. गाडी बुटकी असली तरी त्याने धोका कमी होत नाही.

पहिली पन्नास-शंभर पावले गेल्यावर थांबून तंग पुन्हा तपासावा लागतो, कारण केस दबून आणि श्वास सुटून तो सैल होतो. फेरी संपल्यावर साज काढताना घामाच्या खुणा वाचायच्या असतात. खोगिराखाली दोन्ही बाजूंना सारखा घाम आणि मध्ये कण्यावर कोरडी पट्टी दिसली की सांगाडा बरोबर बसला आहे. भोवती घाम असून मध्येच एक कोरडा डाग राहिला तर तिथे दाब जास्त पडतो आहे. विस्कटलेले केस घासण्याची पहिली खूण देतात. त्याच जागी पुढे पांढरे केस उगवले तर इजा जुनी झाली असे समजावे. छातीपट्ट्याच्या कडा, कोपरामागची जागा, शेपटीचे मूळ आणि तोंडाचे कोपरे बोटांनी चाचपून पाहावेत.

शेटलंड वंशाचा दाट हिवाळी कोट साजाची मापे बदलून टाकतो, आणि उन्हाळ्यात चरून वाढलेले वजनही. वर्षातून निदान दोनदा, केस वाढल्यावर आणि गळाल्यावर, सगळी मापे आणि गाडीचा तोल पुन्हा तपासावा लागतो. साज पट्ट्यांच्या भोकांत मावेनासा झाला तर नवे भोक पाडण्याआधी घोड्याचे वजन करून पाहावे.